सव्वादोनचं माप

"हात माझ्याकडे द्या आणि विसरा," असं म्हणून कासारीणकाकू समोरच्या बाईचा हात ओढून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवत. विनंती नव्हे, हुकूम. मग विचारत, "सासूबाई कशा आहेत?" बाई सासूबद्दल बोलायला लागली की तिसऱ्या वाक्यापर्यंत सहा बांगड्या मनगटात गेलेल्या असत. सासूबद्दल बोलताना बाईचं दुसरीकडे लक्ष नसतं, हे त्यांना कुठल्याही डॉक्टरपेक्षा आधी कळलं होतं.

आमच्या दवाखान्याचा जिना जिथे रस्त्याला लागतो, तिथे डाव्या हाताला त्यांचं दुकान होतं. सदाशिव पेठेत ज्याला दुकान म्हणतात तेवढंच: दोघी आत बसल्या की तिसरीने रस्त्यावर उभं राहायचं. भिंतीभर काचेच्या बांगड्या, खाली एक बुटकं स्टूल त्यांचं आणि एक जरा उंच गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक वर आणि कासारीण खाली, ही बैठक त्यांच्या सासूपासून चालत आलेली.

वरच्या मजल्यावर मी हातांचंच काम करते. शस्त्रक्रिया झालेला हात पुन्हा चालता करायचा, आखडलेली बोटं सोडवायची, गेलेली जाण त्यांना परत शिकवायची. लोक मला 'मसाजवाल्या मॅडम' म्हणतात आणि मी दुरुस्त करणं केव्हाच सोडलं आहे. म्हणजे एकाच इमारतीत खाली त्या दिवसभर हात धरायच्या आणि वर मी. फरक इतकाच, की त्यांच्याकडून बायका हसत जायच्या.

मी त्यांना काकू म्हणायचे. पहिल्यांदा 'मावशी' म्हणून हाक मारली होती. आमच्याकडे मावशी म्हणजे फरशी पुसणाऱ्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तुमच्या मावश्या वरच्या मजल्यावर असतात. हा तळमजला आहे." तेव्हापासून काकू.

मी बांगड्या घालत नाही. माझ्या कामात त्या अडचणीच्या, आणि खरं सांगायचं तर कामाच्या बाहेरही मला त्यांचं काही वाटत नाही. मनगटावर घड्याळ असतं, तेवढं पुरे. काकूंनी ते पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं.

"तुमचा हात बघून कुणीही अडीचची देईल," त्या म्हणाल्या. "मी सव्वादोन बसवीन."

बांगडीच्या मापात आकडा जितका लहान, तितकी ती हाताच्या हाडांवरून नेणं कठीण. माझा हात रुंद आणि हाडकुळा आहे. सव्वादोन म्हणजे चेष्टाच.

"कशाला पण?" मी म्हटलं.

"सैल बांगडी कोपरापर्यंत पळते आणि आपटते. कामाच्या हाताला अंगाबरोबरची लागते."

"मला घालायच्याच नाहीत."

"नका घालू. आपलं माप आपल्याला माहीत असावं."

बांगड्या भरताना त्या हाताकडे बघत नसत. तुम्ही कधी कासाराकडे बसला असाल तर हे पाहिलं असेल किंवा पाहायचं राहून गेलं असेल. त्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत. खाली त्यांची बोटं त्या बाईच्या अंगठ्याखालची उशी आत दुमडत, चार बोटांची हाडं एकावर एक रचत, बांगडी जरा तिरपी करत आणि सोडून देत. मी एकदा कारण विचारलं.

"हाताकडे बघून काय कळणार? हात माझ्या बोटांना कळतो. दुखलं की मात्र आधी चेहऱ्याला कळतं. तिथे बघून थांबायचं."

हे वाक्य मी पुढे आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना कितीदा तरी ऐकवलं. स्वतःचं म्हणून.

आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये त्या उजवा हात झटकत. जुना थर्मामीटर झटकावा तसा, मनगटातून, दोनदा-तीनदा. मग पदराला पुसून पुढचा हात ओढून घेत. ही झटक आमच्या पुस्तकात आहे. मनगटातली नस दाबली गेली की अंगठा आणि पुढची बोटं बधिर होतात, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि माणूस नकळत हेच करतो. पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीनेही ओळखावं इतकं ठळक.

मीही ओळखलं. एकदा जिना चढता चढता, एक पाय पायरीवर ठेवून विचारलंही.

"काकू, मुंग्या येतात का हाताला?"

"येतात, जातात. गिऱ्हाइकांसारख्या."

"वर या एकदा, बघू."

"वर जायची मला घाई नाही."

दोघी हसलो आणि मी वर गेले. आपण विचारलं होतं, हे समाधान मला पुढे चार-पाच वर्षं पुरलं.

मग एका मार्गशीर्षात, गुरुवारच्या गर्दीत, मी दूध आणायला खाली उतरले तर त्या हाताकडे बघत होत्या. सुईत दोरा ओवावा तशा, मान वाकवून, डोळे बारीक करून. गिऱ्हाईक सासूबद्दल बोलत होतं आणि त्या ऐकत नव्हत्या. पायाशी हिरव्या-लाल तुकड्यांचा ढीग होता. आम्हां दोघींच्या ओळखीत मला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि ती वैद्यकीय नव्हती.

त्याच आठवड्यात सूनबाई त्यांना वर घेऊन आली. सूनबाई दुकानाचा दुसरा अर्धा भाग सांभाळायची, जिथे बारा बांगड्यांचे तयार सेट पारदर्शक डब्यांत मिळायचे. ती वाईट नव्हती. व्यवहारी होती. मला ती आवडायची, हे लपवून काय करू?

"मॅडम, यांना सांगा जरा," ती म्हणाली. "भरताना निम्म्या फुटतात."

"वाढतात," काकूंनी दुरुस्ती केली. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्याकडे हा नियम कायद्याच्या वरचा होता.

"निम्म्या वाढतात," सूनबाई म्हणाली. "आता कोण बसून भरून घेतं, सांगा मला? डबा द्यायचा, घरी जाऊन घालतात साबण लावून. मी म्हणते आई, दिवाळीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर काचेची भिंत काढू आणि मोबाइलची कव्हरं लावू. तुम्ही गल्ल्यावर बसा आरामात."

"मी दुकानात बसून कुणाचे हात धरू मग? मोबाइलचे?"

एवढंच पणाला लागलं होतं. एक बुटकं स्टूल. पण ज्यावर एक बाई चाळीस वर्षं बसली आहे ते स्टूल म्हणजे काय असतं, ते मी इथे समजावत बसत नाही.

मी त्यांचा उजवा हात टेबलावर घेतला. अंगठ्याखालची उशी नव्हती. जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे खळगा होता.

"ही केव्हापासून गेली?"

त्यांनी आधी माझ्या हाताची उशी दाबून पाहिली, मग आपली. "इतरांची मी रोज दाबते. माझी कोण दाबणार?" मग करंगळी हलवून म्हणाल्या, "ही तेवढी शहाणी आहे. हिला सगळं कळतं."

करंगळीला दुसरी नस असते. तेही मी सांगितलं नाही.

नसेतून विजेचा झटका देऊन तपासणी झाली. निकाल वाईट होता. आमच्या सर्जनांनी, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, कागदावर मनगटाचं चित्र काढलं. "इथे एक बोगदा असतो. त्यातून नस जाते आणि बोटांच्या दोऱ्या जातात. जागा कमी पडली की नस चेपते. आपण बोगद्याचं छप्पर कापून मोकळं करायचं. अर्ध्या तासाचं काम आहे."

काकूंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे हात अडीचचा आणि आतली बांगडी सव्वादोनची."

दुसऱ्या दिवसापासून सर प्रत्येक बाईला हेच उदाहरण द्यायला लागले. स्वतःचं म्हणून. आमच्या इमारतीची ही रीतच आहे.

"बरं होईल?" सूनबाईने विचारलं.

"रात्रीचं दुखणं जाईल," सर म्हणाले. "मुंग्या जातील. बोटांची जाण किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही, त्याला महिने लागतात. ही अंगठ्याखालची उशी भरून येईल अशी आशा मी देणार नाही. यायला उशीर केलात."

"किती उशीर?" काकूंनी विचारलं.

"चार-पाच वर्षं तरी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. सरांना म्हणाल्या, "या ताई रोज समोरूनच जात होत्या." तक्रार नव्हती त्यात. त्या फक्त पत्ता सांगत होत्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गर्दी सोडून त्या ऑपरेशनला तयार होईनात. रथसप्तमी झाल्यावर आल्या. उजव्या हातात स्वतःच स्वतःला भरलेल्या चार बांगड्या होत्या, इतक्या अंगाबरोबरच्या की सिस्टरला एक बोट घालता येईना.

"कापू या का?" सिस्टरने विचारलं.

"तुमचा पाय कापा," काकू म्हणाल्या. "साबण आणा आणि मी सांगते तसं करा. ही उशी आत घ्या... म्हणजे जिथे होती तिथे. आता हाडं रचा."

सिस्टर हाडं रचत होती आणि हात काठीसारखा ताठ होता. मी बाजूला उभी होते. "काकू, हात सिस्टरकडे द्या आणि विसरा."

"विसरतेय ना!" त्या ओरडल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, पण स्वतःचा हात कुणाच्या स्वाधीन कसा करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन बांगड्या निघाल्या. चौथी कडकन गेली.

"फुटली हो," सिस्टर म्हणाली.

"वाढली म्हण! नवरा जिवंत आहे माझा, खाली दुकानात बसलाय!"

ऑपरेशन हात तेवढा बधिर करून केलं. पडद्याच्या पलीकडे त्या जाग्या होत्या. त्यांनी सरांना विचारलं, "नस कशी दिसते?"

"चपटी झाली आहे मधल्या भागात."

"मोकळी केलीत ना? मग आवरा. आज शुक्रवार आहे, बांगड्या भरायचा वार."

त्याच रात्री त्या सलग झोपल्या, असं सूनबाईने सांगितलं. टाके काढायला आल्या तेव्हा सरांच्या पत्नीसाठी डझनभर बांगड्या घेऊन आल्या. माप विचारलं नव्हतं. बाईंना दोन वर्षांपूर्वी एकदा जिना उतरताना पाहिलं होतं, तेवढ्यावर. बसल्या.

मग त्या माझ्या ताब्यात आल्या. नस मोकळी झाली तरी बोटांना सगळं नव्याने शिकवावं लागतं. मी परातीत तांदूळ घेते, त्यात वस्तू लपवते, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून शोधायला, ओळखायला सांगते. नाणं, बटण, किल्ली, आगपेटीची काडी. काकूंसाठी मी खास काचेची, लाखेची आणि धातूची बांगडी ठेवली. आपण किती विचारी आहोत, असंही मनात आलं असणार.

"तांदूळ कुठला?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"बोटांनी ओळखा."

"बोटांना नाही कळत. वासावरून कोलम आहे."

पहिले दोन महिने काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात एकदम प्रगती. वस्तू तांदळातून काढायच्या, परातीच्या काठावर सहज टेकवल्यासारखी करायच्या आणि सांगायच्या, "काच. किल्ली. ही लाखेची. हे नाणं, पण घासलेलं." एकही चूक नाही. बोटाच्या टोकाला एका टोकाने शिवलं की दोन टोकांनी, ही आमची दुसरी परीक्षा. तीही बरोबर. मी सरांना जाऊन सांगितलं, की इतक्या उशिरा आलेल्या रुग्णाचा असा निकाल मी पाहिलेला नाही. सर म्हणाले, "ऑपरेशन चांगलं झालं होतं." मी म्हणाले, "व्यायामही." आम्ही दोघंही खूश होतो आणि प्रत्येकजण स्वतःवर.

वैशाखात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं. आईचा चुडा काकूंनीच भरला होता, मुलीचाही त्यांनीच भरायचा असं मुलीच्या जन्माआधीपासून ठरलेलं. सूनबाई मला जिन्यात भेटली. "मॅडम, तुम्ही लिहून द्या की जमणार नाही. माझं ऐकत नाहीत. नवरीचा हात आहे हो."

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "ताई, लिहून द्या की जमेल. कागद दाखवला की ती गप्प बसते."

मी माझे आकडे पाहिले. आकडे उत्तम होते. मी लिहून दिलं, तारीख घातली, सही केली.

लग्नघरी काय झालं ते सूनबाईने सांगितलं. ती मदतीला गेली होती. अंगणात पाट, नवरीच्या अंगाला हळद, भोवती पंधरा बायका. उजवा हात नीट भरला. डाव्या हाताची तिसरी बांगडी बोटांच्या हाडांवर अडकली आणि कडकन गेली. कुणी काही बोलण्याआधी पाटावर रक्ताचे थेंब पडले. नवरीची आई किंचाळली. काकूंनी नवरीचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या जखम शोधायला लागल्या. हात उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून उघडली. जिथे जिथे शोधत तिथे तिथे रक्त वाढत गेलं.

"आई," शेवटी सूनबाई म्हणाली, "त्यांना काही झालेलं नाही. तुमचा अंगठा बघा."

अंगठ्याच्या पेरात काचेचा तुकडा उभा होता. त्यांना कळलंच नव्हतं.

उरलेला चुडा सूनबाईने भरला. साबण लावून.

दुसऱ्या दिवशी काकू वर आल्या. अंगठ्याला चिंधी, चेहरा नेहमीचा. "फसवलं मी तुम्हाला," खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. "बोटांना नाही कळत. काठावर वाजवून बघत होते. काच वाजली की कळते, लाख वाजत नाही. तडा गेलेली बांगडी आम्ही कानानेच काढतो बाजूला."

"आणि ती टोकांची परीक्षा? ती तर वाजत नाही."

"बरोबर आलं की तुमचा 'हं' लांबतो. चुकलं की तुटतो. मी आधी 'एक...' म्हणून थांबायची. 'हं' आला नाही की 'नाही, दोन'."

वीस वर्षं मी हे काम करते. डोळ्यांवर पट्टी बांधायची असते, हे मला शिकवलेलं आहे. कासारणीच्या कानांवरही काहीतरी बांधायला हवं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. पण पुस्तकाचं नाव पुढे करून सुटण्यात अर्थ नव्हता. सही माझी होती.

"मुद्दाम केलंत?" मी विचारलं.

त्यांनी अंगठ्यावरची चिंधी सोडून पुन्हा गुंडाळली. "मला वाटत होतं, बोटांनाच कळतंय," त्या म्हणाल्या. "काल रक्त बघितलं तेव्हा कळलं, कानाला कळत होतं."

मी उठले, कापसाचा गठ्ठा आणला आणि त्यांच्या दोन्ही कानांत बोळे घातले. परातीखाली जाड टॉवेल घातला. रेडिओ लावला. माझ्या तोंडाला मास्क लावला आणि 'हं' म्हणणं बंद केलं. त्या दिवशीच्या पहिल्या परीक्षेत दहापैकी एक वस्तू ओळखता आली, तीही बहुतेक चुकून. आम्ही शून्यापासून सुरुवात केली.

त्यानंतरचे महिने कंटाळवाणे होते. बरं होणं हे फार कंटाळवाणं असतं, म्हणून त्याबद्दल कुणी लिहीत नाही. दुकानात सूनबाईने भरण्याचं काम बंद ठेवलं आणि तिचं बरोबर होतं. काकू बुटक्या स्टुलावर बसून बायकांना मापं सांगायच्या आणि सूनबाई डबे द्यायची. दुपारी वर यायच्या, कापूस घालून घ्यायच्या आणि तांदूळ चिवडत बसायच्या. मोठ्याने बोलायच्या, कारण स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. शेजारच्या खोलीतल्या रुग्णांना आमच्या गल्लीतल्या सगळ्या सासवांची माहिती झाली.

श्रावणात एकदा त्या ओरडल्या, "आई गं!" मी धावले. तांदळात एक बारीक खडा निघाला होता आणि तो तर्जनीला टोचला होता. त्यांनी तो बोटांत धरून मला दाखवला, जणू हिराच. "दुकानदाराला सांगा, तांदूळ निवडून देत जा." पण खडा त्यांनी टाकला नाही. पदराच्या गाठीत बांधला.

गणपतीपर्यंत दहापैकी पाच. दिवाळीपर्यंत सात. अंगठ्याखालचा खळगा तसाच राहिला, सर म्हणाले होते तसा. टोकांच्या परीक्षेचे आकडे मध्यम. मध्यम हा आमच्याकडे सन्माननीय निकाल आहे. दुकानाच्या भिंतीला मात्र मध्यम पुरेसा नव्हता. दिवाळी ही मुदत होती आणि सूनबाईने ती पाळली. भाऊबिजेनंतर काचेची भिंत उतरली. काकूंच्या यजमानांनाही गल्ल्यावर बसवेना, तेव्हा खडकीला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. जावई दारूगोळ्याच्या कारखान्यात, क्वार्टर मोठं.

जायच्या आदल्या दिवशी काकू कापडी पिशवी घेऊन वर आल्या. पिशवीतून हिरव्या काचेच्या सहा बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"घड्याळ काढा."

"काकू, मला पुढचा रुग्ण आहे."

"असू दे. त्याला सांगा परीक्षा चालली आहे. कापूस कुठे आहे?"

त्यांनी स्वतःच कानांत बोळे घातले. स्वतःच रेडिओ लावला, पंखा मोठा केला. खुर्ची नको म्हणून व्यायामाची बुटकी पायरी ओढून तिच्यावर बसल्या, म्हणजे मी वर आणि त्या खाली. माझा डावा हात ओढून गुडघ्यावर घेतला.

"माप कितीचं आहे?" मी विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. मीच उचलून पाहिलं. सव्वादोन.

"हात माझ्याकडे द्या आणि विसरा."

विसरणं मलाही जमत नाही, असं दिसलं. काच हातात कशी शिरते ते मी रोज बघते, आणि त्या अंगठ्याची खरी किंमत आकड्यांत फक्त मला माहीत होती. हात ताठ झाला. त्या मात्र हाताकडे बघत नव्हत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"सासूबाई कशा आहेत?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"वारल्या. सहा वर्षं झाली."

काही ऐकू आलं नसणार. माझा चेहरा त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "सुटलात म्हणायच्या."

मी हसले. पहिली बांगडी आत गेली होती.

दुसरी, तिसरी. अंगठ्यात जोर नव्हता, म्हणून त्या माझी उशी आपल्या करंगळीच्या बाजूने दाबत होत्या. ही पद्धत मी शिकवलेली नव्हती. चौथ्या वेळी हाडांवर बांगडी अडली आणि त्यांची बोटं जागच्या जागी थांबली.

"दुखलं."

"नाही, नाही. चालू द्या," मी म्हटलं.

"मी ऐकत नाहीये, ताई. बघतेय."

बांगडी जरा मागे आली, तिरपी झाली आणि गेली. पाचवी. सहावी. एकही वाढली नाही. मग त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला, पुढून पाहिला, मागून पाहिला. कोरडा होता. तेव्हा कुठे कानांतला कापूस काढला.

मी रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. कासारणीला करतात तो. मला तो येतो, हे त्यांना नवीन होतं आणि मलाही.

त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. छान चालतं. बुटकं स्टूल सूनबाईने ठेवलं आहे. उंचावरची कव्हरं काढताना ती त्यावर चढते.

संक्रांत उलटून ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा आमचा छापील कागद भरायचा होता. शेवटचा प्रश्न असा: रुग्ण पूर्वीचं काम करू शकते का? हो किंवा नाही. मी खडकीला फोन लावला.

"काम चालू आहे का, काकू?"

"दुकान कुठे आहे?"

"दुकान नाही विचारलं. काम."

"शुक्रवारी क्वार्टरमधल्या बायका येतात. मी पायरीवर बसते."

"नवरी मुलीसुद्धा?"

"नवरीचा हात मी घेत नाही आता. आपली परीक्षा तिच्या हातात कशाला?"

"फुटतात का?"

मी चूक सुधारली. "वाढतात का?"

"वाढतात एखाद वेळी. पण आता आधी मला कळतं."

मी 'हो' वर खूण केली. शेऱ्याच्या जागेत काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून तपासणीला एकदा प्रत्यक्ष येण्याची सूचना दिली. "जिना चढवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही या."

सहापैकी दोन बांगड्या माझ्या कामात वाढल्या. चार आहेत. दवाखान्यात हातांत काच घालू नये असा नियम आहे आणि तो योग्य आहे. सरांनी एकदा बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे काय?"

"ऑपरेशनचा निकाल," मी म्हटलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

साबण लावून पाहिला. तेल लावून पाहिलं. प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून ओढायची युक्ती असते, तीही केली. सव्वादोनच्या बांगड्या माझ्या हातावरून उतरत नाहीत. त्या चढल्या कशा, हेच मला उमगत नाही. फोडणं सोपं आहे, एक टिचकी. नाहीतर खडकीला जाऊन त्यांच्याकडून उतरवून घ्यायच्या. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. मला अजून वेळ मिळालेला नाही.